बंगार आणि भंगार : कोलारच्या सोनखाणींतली पावसातली पायपीट

सीमाभागातल्या मराठी माणसाला 'बंगार' या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. शेजारच्या कन्नड घरातली लग्नाची बोलणी, सराफाच्या पेढीवरची घासाघीस, आठवडी बाजारातल्या बायकांच्या गप्पा, यांतून तो आपल्या कानांवर लहानपणीच पडलेला असतो. बंगार म्हणजे सोने. गोव्याकडची आपली माणसे त्यालाच 'भांगर' म्हणतात. मराठीत मात्र 'भंगार' म्हटले की डोळ्यांसमोर येते ते मोडके लोखंड, फुटके पत्रे आणि दारावर हाक देणारा हातगाडीवाला. कोलारच्या सोनखाणींच्या गावात हे दोन्ही अर्थ एकाच रस्त्यावर भेटतात.

बंगळूरहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बंगारपेठ नावाचे जंक्शन आहे. म्हैसूरचे एकेकाळचे कमिशनर लुइन बावरिंग यांच्या नावावरून इंग्रजांनी त्याला बावरिंगपेठ म्हटले होते. लोकांच्या तोंडी ते बंगारपेठ झाले. या जंक्शनवरून दक्षिणेला एक छोटा फाटा फुटतो आणि मारिकुप्पमला जाऊन संपतो. त्यावरच्या स्टेशनांची नावे वाचली तरी अर्धा इतिहास कळतो : कोरोमंडल, ऊरगाव, चॅम्पियन. यांतली दोन नावे गावांची नव्हेतच, ती खाणींची. खाण आधी, स्टेशन नंतर आणि गाव सर्वांत शेवटी, अशा क्रमाने वसलेल्या वस्त्या आपल्या देशात फार नाहीत. या सगळ्या पट्ट्याला लोक 'केजीएफ' एवढेच म्हणतात. २०१८ साली त्या नावाचा कन्नड चित्रपट आला आणि ही तीन अक्षरे घरोघरी पोचली. पण चित्रपटातल्या केजीएफचा खऱ्या केजीएफशी नावापलीकडे फारसा संबंध नाही.

ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात मारिकुप्पमपासून उत्तरेकडे पायी चालत या गावाची छायाचित्रे घ्यावीत, असे मी ठरवले त्याला कारण होते. कोलार हा अवर्षणाचा मुलूख. बारमाही नदी नाही. जी काही शेती चालते ती तळ्यांच्या आणि विहिरींच्या जिवावर. वर्षाचा पाऊस आपल्या बेळगावच्या जवळपास निम्मा, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. एरवी या गावावर करड्या धुळीचा पातळ थर असतो. पाऊस तो थर धुऊन टाकतो आणि खालचे खरे रंग वर येतात : विटांचा तांबडा, गंजलेल्या पत्र्यांचा तपकिरी, दगडाचा काळपट हिरवा. इतिहासाच्या दृष्टीनेही पावसातच हे गाव नीट वाचता येते. पाणी कुठून वाहते आणि कुठे साचते, हे पाहिले की कोणाचे घर कुठल्या उंचीवर बांधले गेले ते आपोआप दिसते.

मराठ्यांची जहागीर, वरच्या मातीची

कोलार हे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान याने केम्पेगौडाकडून बंगळूर घेतले आणि तो प्रदेश शहाजीराजांकडे आला. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा ही त्यांच्या कर्नाटकातल्या जहागिरीची ठाणी. पुढे हैदरअलीच्या काळात थोरल्या माधवराव पेशव्यांच्या स्वाऱ्यांनी हा मुलूख पुन्हा तुडवला. हैदरचा जन्मही जवळच्याच बुदिकोट्याचा आणि त्याच्या वडिलांची कबर कोलार शहरात.

म्हणजे गंग, चोळ, विजयनगर, आदिलशाही, मराठे, मोगल, म्हैसूरकर असे सगळे या जमिनीवरून गेले. सर्वांनी सारा वसूल केला तो वरच्या मातीचा, नाचणीचा आणि तळ्याखालच्या भाताचा. खालच्या दगडात काय आहे ते फक्त स्थानिक गावकऱ्यांना ठाऊक होते. ते नाल्यातली आणि जुन्या खड्ड्यांतली माती धुऊन सोन्याचे कण वेचत. त्यांच्याही कित्येक शतके आधी कोणीतरी येथे दगडावर आग पेटवून तो तडकवला होता आणि बऱ्याच खोलवर उतरून सोने काढले होते. त्या माणसांची नावे कुठल्याही शिलालेखात नाहीत. त्यांनी खोदलेले खड्डे मात्र राहिले.

१७९९ साली टिपू पडला आणि म्हैसूर राज्याच्या सीमा आखण्याचे काम इंग्रजांनी हाती घेतले. या सर्वेक्षणाचे प्रमुख होते कॉलिन मॅकेन्झी. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे, कारण त्यांनी दक्षिणेतून गोळा केलेल्या प्रचंड हस्तलिखित संग्रहात मराठी कागदही आहेत. त्यांच्या हाताखालचा लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ साली कोलारच्या पूर्व सीमेवर काम करीत असताना त्याच्या कानांवर सोन्याच्या गोष्टी आल्या. सोने दाखवील त्याला बक्षीस देऊ, असे त्याने जाहीर केले. गावकरी बैलगाडी भरून माती घेऊन आले आणि त्याच्यासमोर ती धुऊन त्यांनी सोन्याचे कण काढून दाखवले. वॉरनने अहवाल लिहिला. पुढे बरीच वर्षे त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. इतिहासाच्या पुस्तकांत 'सोने वॉरनला सापडले' असे वाक्य येते. ती गाडी ज्यांनी भरून आणली त्यांच्याविषयी एकही ओळ येत नाही. ही या गावाच्या इतिहासाची पहिली खोड. ती पुढेही सुटलेली नाही.

लाव्हेल, टेलर आणि जुने खड्डे

१८७१ साली बंगळूरच्या कँटोनमेंटमध्ये राहणारा मायकेल लाव्हेल नावाचा आयरिश निवृत्त सैनिक बैलगाडीतून कोलारला आला. न्यूझीलंडच्या माओरी युद्धात तो लढला होता आणि तिथल्या सोन्याच्या शोधाची हवा त्याला लागली होती. वॉरनचा अहवाल त्याच्या वाचनात आला होता. जुन्या खड्ड्यांचा माग घेत तो हिंडला. १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे परवानगी मागितली आणि १८७५ मध्ये त्याला वीस वर्षांचा पट्टा मिळाला. खिशात पैसा मात्र नव्हता. १८७७ मध्ये त्याने आपला हक्क मद्रासच्या काही लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळीला दिला आणि १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर अँड सन्स ही खाणव्यवस्थापनातली जुनी पेढी आली.

पहिली वर्षे हातात फक्त दगड आले. म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भांडवल संपत आले. आता गाशा गुंडाळावा, असे लंडनचे बरेच भागधारक म्हणू लागले. उरलेल्या तेरा हजार पौंडांत आणखी एकदा प्रयत्न करावा, हा आग्रह टेलर यांनी धरला. कॅप्टन प्लमर यांना पाठवण्यात आले. येथले 'कॅप्टन' म्हणजे लष्करातले नव्हेत. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींत देखरेख करणाऱ्या अनुभवी माणसाला ही उपाधी असे. प्लमर यांनी जे केले ते साधे होते : प्राचीन माणसांनी जिथे खोदकाम सोडले होते, तिथूनच ते खाली गेले. १८८० च्या दशकाच्या मध्यात त्यांना जी गारगोटीची सोनेरी शीर लागली तीच जगप्रसिद्ध 'चॅम्पियन' शीर.

तिच्यावर म्हैसूर, चॅम्पियन रीफ, ऊरगाव आणि नंदीदुर्ग या चार मोठ्या खाणी दक्षिणोत्तर ओळीत उभ्या राहिल्या. मारिकुप्पमहून निघून मी चाललो तो याच ओळीने. पावसात भिजलेल्या रस्त्याकडेला दगडांचे ढीग पडलेले दिसतात. कोरडे असताना ते सगळे सारखेच करडे. ओले झाले की काळसर दगडातून पांढऱ्या गारगोटीच्या रेघा उठून दिसतात, जणू पाटीवर खडूने ओढलेल्या. हा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना. या रेघांच्या मागे माणसे तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर जमिनीच्या पोटात, असा हिशेब केला म्हणजे कल्पना येते.

कॅमेऱ्याला काय दिसते

केजीएफची जी जुनी छायाचित्रे पाहायला मिळतात, त्यांत शाफ्टवरचे उंच मनोरे असतात, वाफेची इंजिने असतात, गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्लब, टेनिसची मैदाने आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या असतात. मजूर असलाच तर तो शेकडोंच्या घोळक्यात, चेहरा न ओळखता येईल इतका लहान. थंड हवेमुळे आणि बंगल्यांमुळे या गावाला 'छोटे इंग्लंड' म्हणत. आजही कॅमेरा घेऊन आलेला पाहुणा सवयीने त्याच इमारतींकडे वळतो, कारण त्या देखण्या आहेत. पावसात तर अधिकच. चढावरचे बंगले, त्यांच्या भोवतीची जुनी झाडे, उतरती छपरे, सगळे चित्रासारखे दिसते.

मी बंगल्यांकडून उताराने पाण्याच्या मागे चाललो. पाणी जिथे जाते तिथे 'लाईनी' आहेत. खाण-मजुरांच्या या वसाहतींना येथे लाईन असेच म्हणतात. आरंभीच्या काळात त्या बांबूच्या तट्ट्यांच्या आणि मातीच्या झोपड्या होत्या. पुढे त्यांच्या जागी पक्क्या भिंती आणि पत्रे आले. एक खोली, फार तर दोन. दाराला दार लागून. दुपारी पावसाचा जोर वाढला तेव्हा एका वयस्क गृहस्थांनी आपल्या ओसरीवर बोलावून घेतले. घरात तमिळ, माझ्याशी कन्नड, आणि मध्येच दखनी ढंगाची हिंदी. मी त्यांना 'अण्णा' म्हणालो, ते मला 'सार' म्हणत राहिले. वडील आणि आजोबा खाणीतले, ते स्वतःही खाणीतच निवृत्त झालेले. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका होता की बोलणे थांबवून आम्ही दोघे नुसते समोरच्या गटाराकडे पाहत बसलो. सांडपाण्याचे ते दगडी गटार कंपनीच्या काळातले आणि अजून वाहते आहे, हे त्यांनी बोट दाखवून सांगितले. त्यांच्या दारात उभे राहून मी जी छायाचित्रे घेतली ती देखणी नाहीत. पण गावाचा इतिहास लिहायचा तर क्लबच्या छायाचित्राइतकीच ती आवश्यक आहेत, असे माझे मत आहे.

कोण आले, कुठून आले

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे पंचवीस-तीस हजार माणसे कामाला होती. जमिनीखाली काम करणाऱ्यांत मोठा भरणा मद्रास इलाख्याच्या उत्तर अर्काट आणि चित्तूर भागांतून आलेल्या, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या तमिळ आणि तेलुगू भाषकांचा होता. गावाकडे जमीन नाही, सावकाराचे देणे आणि जातीचा जाच. या तिन्हींपासून सुटण्याची वाट म्हणजे सोनखाण. वाट सोपी नव्हती. खोल भागात दगडाचे तापमान साठ अंशांच्या वर जाई. हवा थंड करून खाली सोडावी लागे, तरीही अंगावरचा कपडा पिळून काढावा लागे. दाबाखालचा खडक अचानक फुटे, त्याला 'रॉकबर्स्ट' म्हणत. तो झाला की वर गावातली भांडी खणखणत आणि बायका शाफ्टच्या दिशेने धावत. जो स्फोटातून वाचे त्याच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसे. १९४० च्या दशकातल्या वैद्यकीय पाहण्यांतून खालच्या कामगारांत सिलिकोसिसचे प्रमाण किती मोठे आहे ते उघड झाले.

सोने चोरीला जाईल ही भीती कंपन्यांना कायम असे. त्यासाठी म्हैसूर सरकारने खास कायदे केले. झडती हा रोजचा भाग झाला. १९३० साली कामगारांच्या बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा हजारो मजुरांनी काम बंद केले. हा संप पगारासाठी नव्हता. आम्ही कामगार आहोत, चोर नाही, हे सांगण्यासाठी होता. कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद व्हायला हवी तितकी झालेली नाही.

मराठी वाचकाने आणखी एक धागा ध्यानात ठेवावा. मद्रासचे पंडित अयोद्धी दासर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तमिळ दलितांमध्ये बौद्ध धर्माचा जो विचार मांडला, त्याचे एक महत्त्वाचे केंद्र मारिकुप्पम होते. नागपूरच्या १९५६ च्या धर्मांतराच्या जवळजवळ अर्धे शतक आधी या खाण-मजुरांच्या वस्तीत बौद्ध संघाची शाखा काम करीत होती. पुढे बाबासाहेबांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार महाराष्ट्राबाहेर ज्या थोड्या मतदारसंघांतून निवडून आले, त्यांत केजीएफ आहे. खाणीच्या लाईनींत केवळ श्रम नव्हते, विचारही होता.

वीज आधी खाणीला

खाणी वाफेवर चालत तोवर आजूबाजूचे जंगल भट्टीत जात होते. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर वीज निर्माण करण्याची योजना आखली गेली. ३० जून १९०२ रोजी ९२ मैलांच्या, म्हणजे सुमारे १४७ किलोमीटरच्या तारांवरून वीज कोलारच्या खाणींत पोचली. त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहक तारांपैकी ती एक होती. योजनेचे पुरस्कर्ते शेषाद्री अय्यर हे पाहायला राहिले नाहीत. १९०१ मध्येच ते वारले. बंगळूर शहरात दिवे लागले ते १९०५ साली. राजधानीच्या शहराआधी वीज खाणीला मिळाली, यावरून राज्याच्या तिजोरीत या सोन्याचे वजन काय होते ते कळते.

पाण्याचीही हीच कथा. अवर्षणाच्या या मुलखात पालार नदीवरच्या बेतमंगल तलावाचे पाणी नळाने खाणींच्या गावापर्यंत आणले गेले. वस्तीतली गर्दी कमी करण्यासाठी आखीव रस्त्यांची रॉबर्टसनपेठ वसवली गेली. तिला नाव मिळाले ते म्हैसूरचे रेसिडेंट डोनाल्ड रॉबर्टसन यांचे. आज तीच या गावाची मुख्य बाजारपेठ आहे. पावसात छत्र्यांच्या गर्दीतून तिथे फिरताना एका दुकानाच्या पाटीवर कन्नड, दुसऱ्याच्या पाटीवर तमिळ, आणि भाजीवालीच्या तोंडी तेलुगू. आपल्याकडे भाषेच्या प्रश्नावर माणसे दुरावतात, हे सीमाभागाइतके कोणाला ठाऊक असणार? केजीएफलाही असे प्रसंग चुकलेले नाहीत. कर्नाटकातल्या या गावात तमिळ ही बहुतेकांची घरची भाषा. त्यामुळे राज्याच्या इतिहासाच्या पुस्तकात या लोकांना जागा थोडी आणि तमिळनाडूच्या पुस्तकातही थोडीच. दोन्हीकडे पाहुणे. हे दुखणे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

खोल अंधारातला शोध

इतक्या खोल खाणीचा एक उपयोग टेलर कंपनीच्या स्वप्नातही नसेल. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा मारा जमिनीवर सतत होत असतो. त्यांच्या गर्दीत न्यूट्रिनो नावाचा कण ओळखणे अशक्य. वर दोन-अडीच किलोमीटर खडक असेल तर इतर कण अडतात आणि न्यूट्रिनो तेवढा आरपार जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच कोलारच्या खाणीत मोजमापे सुरू केली होती. पुढे एम. जी. के. मेनन, श्रीकांतन आणि त्यांचे सहकारी, जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅम येथील शास्त्रज्ञांसह, चॅम्पियन रीफ खाणीत सुमारे २,३०० मीटर खोलीवर उपकरणे घेऊन उतरले. वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल १९६५ साली येथे लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका सोनखाणीत चाललेल्या प्रयोगाचे निष्कर्षही त्याच वर्षी आले.

कुलाब्याच्या समुद्रकाठच्या संस्थेतून निघालेली माणसे आणि मारिकुप्पमच्या लाईनीतून निघालेली माणसे एकाच पिंजऱ्यातून खाली जात होती. शोधनिबंधावर पहिल्यांची नावे आहेत. जड उपकरणे खाली नेणारे, बोगदे सुरक्षित ठेवणारे आणि तारा ओढणारे हात दुसऱ्यांचे होते.

शेवट आणि त्यानंतर

१९५६ साली म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तोवर शीर पातळ झाली होती. आरंभी टनामागे चाळीस ग्रॅमहून अधिक सोने देणारा दगड शेवटी तीन ग्रॅमच्या आसपास आला. खोली वाढली, तसा प्रत्येक टन वर आणण्याचा खर्च वाढला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सुमारे साडेतीन हजार कामगार त्या दिवशी घरी गेले. सव्वाशे वर्षांत येथून सुमारे आठशे टन सोने निघाले होते.

पंप थांबले आणि खाली पाणी भरू लागले. आज शाफ्टच्या मनोऱ्यांखाली ते कित्येक मजले खोल पाणी आहे. मनोरे कुंपणाआड आहेत. पहारेकरी आत सोडत नाहीत आणि तेच योग्य, कारण जुन्या खाणीची जमीन भरवशाची नसते. रस्त्यावरूनच छायाचित्रे घ्यावी लागतात. ढगाळ आकाश पांढरेफटक असले की काळा मनोरा त्यात सपाट दिसतो. थोडे थांबून ढग गडद होऊ द्यावे लागतात. ते थांबणे वाया जात नाही. त्या वेळात चाकावरचा गंज, कोसळलेला पत्रा, भिंतीतून उगवलेला पिंपळ हे सगळे नजरेस येते. येथे बंगाराचे भंगार झालेले दिसते, आणि त्यात कसलीही उपमा नाही.

सर्वांत विलक्षण दृश्य मात्र सायनाइडच्या टेकाडांचे. दगड पिठासारखा दळून, सायनाइडच्या द्रावणाने त्यातले सोने काढून घेतल्यावर जो गाळ उरे तो वर्षानुवर्षे येथे टाकला गेला. अशी तेरा टेकाडे गावाला लागून उभी आहेत. सायनाइड ऊनपाण्यात हळूहळू निकामी होते, पण ती बारीक पूड राहते. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर ती घराघरांत शिरते. पावसात तिच्या अंगावर खोल घळी पडतात आणि करडे पाणी नाल्यांतून तळ्यांकडे जाते. कॅमेऱ्यात ही टेकाडे चंद्रावरच्या डोंगरांसारखी येतात. चित्रपटवाले त्यासाठीच येतात. मी घळींची जवळून काही छायाचित्रे घेतली. एकेका घळीत थरांवर थर दिसतात; ते भूगर्भातले नव्हेत, माणसाने घातलेले.

या टेकाडांत अजून थोडे सोने शिल्लक आहे. २०२४ साली कर्नाटक मंत्रिमंडळाने या तेरा टेकाडांतल्या सुमारे ३.३ कोटी टन गाळातून खाणकाम करण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला मान्यता दिली. गावात त्याविषयी आशा आहे आणि शंकाही. पहाटेच्या गाड्यांनी बंगळूरला जाऊन रात्री परतणारी इथली तरुण पिढी विचारते की काम आम्हाला मिळणार काय? म्हातारी माणसे विचारतात की ज्या लाईनीत तीन पिढ्या गेल्या ते घर आमचे होणार काय?

आपल्या पायाखालचे

हे सगळे आपल्यापासून दूरचे आहे असे कोणी समजू नये. हैदराबादकर वाचकांना रायचूर जिल्ह्यातले हट्टी ठाऊक असेल. निजामाच्या राज्यातली ती सोनखाण आजही चालू आहे आणि तिथल्या प्राचीन खोदकामाची खोली पाहून भूगर्भशास्त्रज्ञ थक्क झाले आहेत. आपल्या धारवाड भागात, तो मुंबई इलाख्यात असताना, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गदगजवळच्या कप्पत टेकड्यांत कबुलायतकट्टी येथे कंपन्यांनी सोन्यासाठी खोदून पाहिले. ते काम फार काळ टिकले नाही. अशा बंद पडलेल्या खाणी, गिरण्या, जिनिंग-प्रेस आणि रेल्वेच्या वसाहती आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांतल्या इमारतींची छायाचित्रे कोणी ना कोणी घेतोच. त्यांत राबलेल्या माणसांची घरे, त्यांच्या भाषा, त्यांचे संप आणि त्यांची गटारे यांची छायाचित्रे सहसा कोणी घेत नाही.

इतिहासाचा कागद बहुधा मालकाच्या कचेरीत जपला जातो. मजुराकडे उरते ती पेटीतली हजेरीची जुनी चिठ्ठी, भिंतीवरचे एखादे फिकट छायाचित्र आणि सांगणाऱ्याची आठवण. केजीएफमध्ये जमिनीखाली प्रत्यक्ष उतरलेली शेवटची पिढी आता साठी-सत्तरीत आहे. त्यांच्याशी बोलायला, त्यांच्या भाषेत त्यांचे शब्द टिपून घ्यायला आणि त्यांच्या दारात उभे राहून छायाचित्र घ्यायला फार वर्षे हातात नाहीत. गाळातले उरलेसुरले सोने काढण्याची निविदा निघू शकते. आठवणींसाठी कोणी निविदा काढत नाही. ते काम ज्याचे त्याने करायचे असते, आणि दोन भाषांमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांना ते इतरांपेक्षा थोडे सोपे जावे.